साथीच्या काळातली शाळा: बंद दारांपलीकडचे पर्याय

मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या एखाद्या खेड्यात पहिलीत बसणारे मूल पुन्हा वर्गात आले ते १ डिसेंबर २०२१ रोजी, आणि आले ते थेट तिसरीत. दुसरीचा वर्ग त्याने आतून पाहिलाच नाही. अक्षराला अक्षर जोडून शब्द वाचायचा आणि शब्दाला शब्द जोडून वाक्य, हे ज्या वयात साधते तेच वय घरी गेले. पुढच्या दीड महिन्यात ओमायक्रॉनची लाट आली, शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारी २०२२ पासून टप्प्याटप्प्याने उघडल्या.

त्या काळात चर्चा एकाच साच्यातून होत राहिली: मुलांचा जीव महत्त्वाचा की शिक्षण? प्रश्न असा विचारला की उत्तर ठरलेलेच असते. कोणते आईबाप शिक्षणाच्या बाजूने बोलतील? पण जगभरातला अनुभव, अगदी शंभर वर्षांपूर्वीचाही, वेगळेच सांगतो. बहुतेक साथींत शाळा उघडी ठेवणे आणि मुलांना सांभाळणे ही दोन्ही कामे एकाच वेळी करता येतात. त्यासाठी हवा, पाणी, शाळेत आरोग्याकडे पाहणारे एक माणूस आणि निर्णयाचा अधिकार शाळेजवळ असणे, एवढ्या गोष्टी लागतात. त्या आधीपासून हाताशी असल्या तरच उपयोगी पडतात. आपल्याकडे त्या नव्हत्या, आणि बहुतांश आजही नाहीत.

आपल्या शाळा वरून खाली उघडत गेल्या. २३ नोव्हेंबर २०२० रोजी नववी ते बारावी, तीही मुंबईसारखी शहरे वगळून. २७ जानेवारी २०२१ रोजी पाचवी ते आठवी. मग दुसरी लाट आली आणि सगळेच थांबले. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी ग्रामीण भागात पाचवीपासून पुढे आणि शहरांत आठवीपासून पुढे. पहिली ते चौथीचा नंबर सर्वांत शेवटी. या क्रमामागे आजाराचा विचार नव्हता, दहावी-बारावीच्या परीक्षेचा होता. आणि ती परीक्षा २०२१ मध्ये रद्दच करावी लागली.

आजाराचा विचार केला असता तर क्रम उलटा लागला असता. कोविडमध्ये शाळकरी मूल जितके लहान तितका गंभीर आजाराचा धोका कमी, हे पहिल्या काही महिन्यांतच दिसू लागले होते. डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे टाळेबंदी लागून महिनाभरातच, पाळणाघरे आणि पाचवीपर्यंतचे वर्ग उघडले. मुलांचे लहान गट केले, शक्य तेवढे वर्ग अंगणात आणि बागेत भरवले, दर थोड्या वेळाने हात धुवायला लावले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनीही जुलै २०२१ मध्ये जाहीरपणे सांगितले की शाळा उघडायच्या तर प्राथमिकपासून सुरुवात करणे शहाणपणाचे ठरेल. त्याच सुमारास परिषदेची चौथी रक्तपाहणी प्रसिद्ध झाली होती. तिच्यात सहा ते नऊ वयाच्या ५७ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे सापडली होती. शाळा सव्वा वर्ष बंद असूनही निम्म्याहून अधिक लहान मुलांपर्यंत विषाणू घरी येऊन पोहोचला होता. या एका आकड्यावर महाराष्ट्रात जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही.

भीती मात्र खरी होती. एप्रिल २०२१ मध्ये प्राणवायूसाठी वणवण करणारी कुटुंबे ज्यांनी पाहिली, त्यांना 'लहान मुलांना काही होत नाही' हे वाक्य धीर देणारे वाटणे शक्यच नव्हते. तिसरी लाट मुलांवर येणार असे सगळीकडे बोलले जात होते. ऑगस्ट २०२१ मध्ये शहरी शाळा उघडण्याचा जाहीर झालेला निर्णय राज्याच्या कोविड कृती दलाच्या आक्षेपानंतर थांबवण्यात आला. मुले आजारी पडणार नाहीत, पण घरी जाऊन आजीला देतील, हा युक्तिवादही दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहणाऱ्या मुंबईत सहज पटणारा होता.

नेमक्या याच युक्तिवादाला १९१८ मध्ये न्यूयॉर्क शहराने वेगळे उत्तर दिले होते. इन्फ्लुएंझाची महासाथ आली, अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क आणि शिकागो यांनी केल्या नाहीत. न्यूयॉर्कमध्ये सुमारे दहा लाख शाळकरी मुले होती आणि त्यांतली बहुसंख्य कोंदट, दाटीवाटीच्या चाळवजा इमारतींत राहत होती. आरोग्य आयुक्त रॉयल कोपलँड यांचे म्हणणे साधे होते: मुलाला घरी ठेवले तर ते त्या खोलीत आणि गल्लीत राहील, कोणाचे लक्ष राहणार नाही. शाळेत आले तर मोठ्या, हवेशीर इमारतीत बसेल, आणि रोज कोणीतरी त्याचा घसा पाहील. शहराच्या बालआरोग्य विभागाच्या प्रमुख डॉ. जोसेफिन बेकर यांनी ही रोजची तपासणी चालवली. न्यूयॉर्कचा मृत्युदर फिलाडेल्फिया आणि बोस्टनपेक्षा कमी राहिला. त्याचे श्रेय एकट्या शाळांना देता येणार नाही, तसा पुरावा नाही. पण शाळा उघड्या ठेवल्याने शहर बुडाले नाही, एवढे नक्की.

हे धाडस कोपलँड यांना परवडले कारण त्याच्या सोळा वर्षे आधीपासून त्या शहरात शाळेची परिचारिका नावाचे माणूस होते. त्या आधी पद्धत अशी होती की डॉक्टर शाळेत येत, खरूज, उवा, डोळे आलेले मूल दिसले की चिठ्ठी देऊन घरी पाठवत. घरी उपचार होत नसत, चिठ्ठी कोणाला वाचता येत नसे, आणि मूल महिनोन्महिने रस्त्यावर. १९०२ मध्ये लिना रॉजर्स या परिचारिकेला चार शाळांत प्रयोग म्हणून नेमले गेले. ती मुलांच्या जखमा शाळेतच धुवून बांधायची, घरी जाऊन आईला समजावून सांगायची. प्रयोग लगेच शहरभर वाढवण्यात आला. सप्टेंबर १९०२ मध्ये आजारपणामुळे शाळेबाहेर काढलेल्या मुलांची संख्या दहा हजारांवर होती. वर्षभरानंतरच्या सप्टेंबरात ती अकराशेच्या आसपास आली. आजार तेच, घरे तीच. बदल एवढाच झाला की घरी पाठवणे हा उपचार नव्हे, हे कोणीतरी ओळखले.

आपल्याकडे या जागी काय आहे? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. त्याची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये महाराष्ट्रातूनच, पालघरमधून झाली. दोन आयुष डॉक्टर, एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता असे पथक गाडीने फिरते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा. हृदयाला जन्मजात छिद्र असलेली, दुभंगलेल्या ओठांची कितीतरी मुले या पथकांमुळे शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचली. ते काम मोलाचे आहे. पण वर्षातून एकदा येणारे पथक साथीत कामाचे नाही, आणि साथ आली तेव्हा ही पथकेच इतर कोविड कामाला जुंपली गेली. गुरुजी आणि बाईंचेही तेच झाले: कोणी घरोघरी सर्वेक्षणाला, कोणी नाक्यावर तपासणीला. शाळा सांभाळणारी सगळी माणसे आधी बाहेर काढली गेली आणि मग शाळा सुरक्षित नाही असे ठरले.

आता हवेकडे वळू, कारण या विषयातला सर्वांत पक्का धडा तिथे आहे. मे २०२० मध्ये इस्रायलने शाळा उघडल्या. पुढच्या काही दिवसांत उष्णतेची लाट आली, मास्कची सक्ती तात्पुरती उठवली, वर्गांत वातानुकूलन चालू झाले. एकेका वर्गात पस्तीसहून अधिक मुले. जेरुसलेममधल्या एका हायस्कूलमध्ये १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित निघाले. शाळा धोकादायक असतात याचा दाखला म्हणून हे उदाहरण जगभर दिले गेले. मला ते बंद खिडक्यांचे उदाहरण वाटते. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात १६९ प्राथमिक शाळांची पाहणी झाली. जिथे खिडक्या-दारे उघडून, पंखे लावून हवा खेळती ठेवली तिथे बाधितांचे प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी होते. जोडीला हवा गाळणारी यंत्रे होती तिथे ४८ टक्क्यांनी. इंग्लंडने २०२१ च्या शरद ऋतूपासून शाळांना सुमारे तीन लाख कार्बन डायऑक्साइड मापके पुरवली, म्हणजे वर्गातली हवा शिळी झाली की शिक्षकांना आकडा दिसावा आणि त्यांनी खिडकी उघडावी.

आपण मात्र फरशा पुसत राहिलो. बाकांवर फवारणी, दारात सॅनिटायझरची बाटली, कपाळाला तापमापक. विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेनेच स्पष्ट शब्दांत मान्य करायला २०२१ उजाडले, त्यामुळे सुरुवातीच्या चुकीचा दोष शिक्षकांना देता येणार नाही. पण नंतरही आपल्या सूचनांचा भर फवारणीवरच राहिला. आपली हवा तर आपल्या बाजूची आहे. डेन्मार्कच्या मुलांनी एप्रिलच्या थंडीत बाहेर बसून धडे गिरवले; विदर्भातला उन्हाळा आणि कोकणातला पावसाळा सोडला तर महाराष्ट्रात वर्षातले कितीतरी महिने व्हरांड्यात, झाडाखाली, मंदिराच्या सभामंडपात वर्ग भरू शकतो. जिल्हा परिषदेची दोन खोल्यांची शाळा, समोरासमोर खिडक्या आणि पुढे पडवी, ही या आजारासाठी चांगली इमारत होती. ती बंद राहिली, आणि लग्नाची कार्यालये तिच्याआधी उघडली.

हात धुण्याची टिंगल मात्र करू नये. कोविडपुरता त्याचा उपयोग मर्यादित असेल. बाकी आजारांत तो मोठा आहे. कैरोमधल्या ६० प्राथमिक शाळांत झालेल्या चाचणीत नियमित साबणाने हात धुण्याच्या मोहिमेनंतर फ्लूसारख्या आजारामुळे होणारी गैरहजेरी ४० टक्क्यांनी आणि जुलाबामुळे होणारी सुमारे एक तृतीयांशाने घटली. कैरोच्या शाळा, तिथली गर्दी आणि पाण्याची ओढाताण आपल्याला परकी नाही. ज्या शाळेत नळ कोरडा आहे तिथे हात धुण्याचे तक्ते लावून काय साधणार?

मास्कबद्दल पुरावा सरळ एका बाजूचा नाही, आणि तसे सांगायला हवे. नॉर्थ कॅरोलायनातल्या ११ जिल्ह्यांत २०२० च्या अखेरीस नऊ आठवडे सुमारे ९०,००० विद्यार्थी-शिक्षक मास्क लावून शाळेत आले. बाहेरून ७७३ जण संसर्ग घेऊन आले, पण शाळेच्या आत पसरून झालेले रुग्ण फक्त ३२ सापडले. बोस्टनच्या आसपास ज्या शाळांनी २०२२ मध्ये मास्क आधी काढले तिथे पुढच्या आठवड्यांत रुग्ण अधिक आढळले. दुसरीकडे स्पेनच्या कातालोनियात पाच वर्षांची मुले मास्कविना आणि सहा वर्षांची मास्कसह शाळेत जात होती. त्यांच्यात म्हणावा असा फरक दिसला नाही. माझे मत असे की लाट चढती असताना मोठ्या मुलांना आणि शिक्षकांना मास्क योग्य आहे. वाचायला शिकणाऱ्या मुलांना बाईंचे ओठ दिसणे गरजेचे असते, त्यांच्याबाबत सक्तीचा अट्टहास नको.

वर्गात एक रुग्ण निघाला की काय करायचे, यावरही काम झाले आहे. इंग्लंडमध्ये २०२१ मध्ये २०१ शाळांत चाचणी घेतली गेली: काही शाळांत रुग्णाच्या संपर्कातली सगळी मुले दहा दिवस घरी, इतरांत तीच मुले रोज सकाळी झटपट चाचणी करून वर्गात. संसर्गात म्हणावा असा फरक पडला नाही. म्हणजे एका मुलापायी तीस मुलांना घरी बसवायची गरज नव्हती.

मात्र एका साथीचा नियम दुसरीला जसाच्या तसा लावता येत नाही. स्वाइन फ्लूने भारतातला पहिला मृत्यू ३ ऑगस्ट २००९ रोजी पुण्यात झाला, आणि तो १४ वर्षांच्या शाळकरी मुलीचा होता. नायडू रुग्णालयासमोरच्या रांगा पुणेकरांना आठवत असतील. शाळा तेव्हाही बंद झाल्या, पण थोड्या दिवसांसाठी. ते बरोबरच होते. फ्लूमध्ये मुले सहज बाधित होतात आणि भराभर पसरवतात. हाँगकाँगमध्ये त्याच वर्षी शाळा बंद ठेवल्याने प्रसार सुमारे चतुर्थांशाने मंदावल्याचे आढळले. पुढची महासाथ मुलांवर अधिक क्रूर असू शकते. तेव्हा शाळा बंद कराव्या लागतील आणि त्या कराव्यात. पण बंद करतानाच दर किती दिवसांनी फेरविचार होणार आणि उघडण्याची अट काय, हे लिहून जाहीर झाले पाहिजे. मुदत नसलेली बंदी लांबत जाते. युगांडात ती जवळपास दोन वर्षे लांबली, बांगलादेशात दीड वर्ष.

घरी बसलेल्या मुलांचे काय झाले हे आता पुरेसे माहीत आहे. नेदरलँड्समध्ये शाळा जेमतेम आठ आठवडे बंद होत्या, घरोघरी वेगवान इंटरनेट. तरीही मुले साधारण पंचमांश वर्ष मागे पडली आणि कमी शिकलेल्या आईबापांच्या मुलांचे नुकसान त्याहून बरेच जास्त झाले. आपल्याकडे ऑगस्ट २०२१ मध्ये ज्याँ द्रेझ, रितिका खेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १५ राज्ये आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या वंचित कुटुंबांतल्या सुमारे १,४०० मुलांची पाहणी केली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी मुले ८ टक्के होती. अजिबात काहीच न शिकणारी ३७ टक्के. 'असर' या शिक्षणस्थितीच्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ टक्के राहिली. याच पाहणीतला दुसरा आकडा धीर देतो: सहा ते चौदा वयाच्या मुलांची पटनोंदणी घटली नाही, उलट थोडी वाढून ९८.४ टक्के झाली. लोकांनी शाळेवरचा विश्वास सोडला नव्हता.

शिक्षकांनीही सोडला नव्हता. सह्याद्री वाहिनीवर जुलै २०२० पासून 'टिलीमिली' मालिका पहिली ते आठवीच्या मुलांसाठी लागत होती. सोलापूरच्या निलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगवले गेले, पालघरच्या पाड्यांवर ध्वनिक्षेपकावरून 'बोलकी शाळा' भरली. या सगळ्यांचे ऋण मोठे आहे. तरी भिंत मुलाची चूक ओळखत नाही, आणि दूरचित्रवाणी दुपारची खिचडी वाढत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२० मध्येच पोषण आहाराची स्वतःहून दखल घेतली, म्हणून तांदूळ आणि डाळी घरी पोहोचल्या. पण घरी गेलेला तांदूळ घरातल्या सगळ्यांच्या ताटात वाटला जातो. शाळेत मुलाला मिळते ते त्याचे एकट्याचे असते. आठवड्याची लोहाची गोळी आणि जंतनाशकाचा दिवस यांचीही तीच गत. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांची मुले हंगामात गावातच राहावीत म्हणून हंगामी वसतिगृहे असतात. शाळाच बंद म्हटल्यावर मुले आईबापांबरोबर फडावर गेली. मुलींची लग्ने उरकली गेली. शाळा बंद ठेवून आपण आरोग्य राखले असे म्हणताना हे आरोग्य हिशेबात धरले गेले नाही.

वेगळी वाटही महाराष्ट्रातच सापडली होती. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने मे २०२१ मध्ये गाव कोरोनामुक्त केले आणि जूनमध्ये शाळा भरवली. त्यानंतर जुलैमध्ये राज्याने महिनाभर रुग्ण नसलेल्या गावांत आठवी ते बारावीचे वर्ग उघडू दिले, निर्णय सरपंचांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे दिला, आणि शिक्षकांनी गावातच राहावे किंवा सार्वजनिक वाहनाने ये-जा करू नये असे सुचवले. हा निर्णय त्या दोन वर्षांतला सर्वांत शहाणा होता. तो पहिलीपासून आणि आधीच घेतला असता तर हजारो खेड्यांतली मुले कितीतरी महिने शिकली असती. गडचिरोलीतल्या वीस उंबऱ्यांच्या टोल्याला आणि अंधेरीला एकच नियम लावण्यात कोणतेच शास्त्र नव्हते.

म्हणूनच कमी पटाच्या शाळांचा प्रश्न इथे येतो. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात १४,००० हून अधिक आहेत, आणि त्यांतली मुले एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार २०२३ पासून पुढे रेटला जातो आहे. साथीच्या दृष्टीने पाहिले तर वस्तीवरची पंधरा मुलांची, चालत जाण्याच्या अंतरावरची शाळा ही आपल्याकडची सर्वांत सुरक्षित शाळा आहे. ती मोडून मुलांना कोंबलेल्या गाडीतून दूरच्या मोठ्या इमारतीत नेणे म्हणजे पुढच्या साथीत तीही शाळा बंद पडण्याची तजवीज करणे होय. या मुद्द्याची दखल समूह शाळांच्या चर्चेत कोणी घेतलेली माझ्या वाचनात नाही.

शंभर टक्के उपस्थितीचे बक्षीसही आता बंद व्हायला हवे. ताप आलेल्या मुलाला आई गोळी देऊन शाळेत पाठवते, कारण एकीकडे बक्षीस बुडते आणि दुसरीकडे तिची रोजंदारी. आजारी मुलाने घरी राहावे असे वाटत असेल तर त्याचा बुडालेला अभ्यास भरून देण्याची जबाबदारी शाळेने घ्यावी लागेल. आजारी शिक्षकाच्या जागी केंद्रशाळेतून दुसरा पाठवण्याची सोयही लागेल. एकशिक्षकी शाळेत बाईंना ताप आला की शाळेलाच कुलूप लागते.

प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत कायद्याने शाळा व्यवस्थापन समिती असते आणि तिच्यात बहुसंख्य पालकच असतात. तुम्ही पालक असाल तर पुढच्या बैठकीत चार गोष्टी विषयपत्रिकेवर घ्यायला लावा: प्रत्येक वर्गाच्या सगळ्या खिडक्या उघडतात का, हात धुवायला वाहते पाणी आणि साबण रोज असतो का, उपकेंद्रातली परिचारिका किंवा आशाताई दर आठवड्याला शाळेत येईल का, आणि साथ आली तर शाळा कोणत्या अटीवर बंद आणि कोणत्या अटीवर चालू राहील. उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्या आणि त्याची प्रत ग्रामपंचायतीला किंवा प्रभाग कार्यालयाला द्या.